लाटेवरील फळी आणि तिचा पर

मराठी भाषेत ‘पर’ हा शब्द लहान असला तरी त्याचा व्याप मोठा आहे. पक्ष्याचे पीस म्हणजे पर, आणि मासा ज्याच्या साहाय्याने पाण्यात आपला तोल सावरतो तोही परच. बाणाच्या मागल्या टोकाला पिसे बांधण्याची रीत फार जुनी आहे. ती पिसे बाणाला वेग देत नाहीत. उलट हवेशी घासून त्याचा थोडा वेग हिरावूनच घेतात. तथापि ती नसतील तर धनुष्यापासून सुटलेला बाण वाटेत गिरकी घेईल आणि लक्ष्य एकीकडे, बाण दुसरीकडे अशी गत होईल. थोडा वेग द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात दिशा घ्यावी, असा हा व्यवहार आहे. समुद्राच्या लाटेवर उभे राहून धावण्यासाठी जी लांब फळी वापरतात, तिच्या तळाशी शेपटाच्या अंगाला बसवलेला पर हाच व्यवहार पाण्यात करीत असतो. इंग्रजी भाषेतही त्याला माशाच्या पराचेच नाव आहे. त्यास ‘फिन’ म्हणतात.

ज्या फळीला ‘लाँगबोर्ड’ असे नाव आहे ती सामान्यतः नऊ फूट किंवा त्याहून लांब असते. तिच्या मानाने तिचा पर म्हणजे हाताच्या वितीएवढी वस्तू. एवढ्याशा वस्तूच्या अर्ध्या इंचावरून घटकाघटका चर्चा करणे म्हणजे अक्षरशः पराचा कावळा करणे होय, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु ज्याने एकदा चुकीचा पर लावून उंच लाटेच्या उतारावर फळीचे शेपूट पायाखालून निसटताना अनुभवले आहे, त्याला तसे वाटत नाही. त्या क्षणी पायाखाली फळी नसते, समोर फुटणारी लाट असते आणि खाली कधी वाळू, तर कधी प्रवाळाचा खडक असतो. पराची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नाही, तो बऱ्याच अंशी सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

पर नसलेली फळी ही कल्पना मात्र मुळीच चमत्कारिक नव्हे. लाटेवर स्वार होण्याची कला हवाई बेटांत शतकानुशतके नांदत होती. तेथील भाषेत तिला ‘हेए नालू’ म्हणतात. कॅप्टन कुक याची जहाजे १७७८ मध्ये या बेटांना लागली. पुढच्याच वर्षी कुक तेथे मारला गेला. आणि त्याच्या जहाजांवरील लेफ्टनंट जेम्स किंग याने तेथील लोकांचा लाटांवरचा हा खेळ पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. तेथे ‘अलाया’ नावाची पातळ फळी असे आणि ‘ओलो’ नावाची पुष्कळ लांब व जाड फळी असे. ही दुसरी सरदार-राजेलोकांच्या मानाची. या दोहोंपैकी एकीलाही पर नव्हता. स्वार फळीची कड पाण्यात दाबून, किंवा मागला पाय पाण्यात सोडून, तिला वळवीत असे. मनुष्याचा पाय हाच तेथे पराचे काम करीत होता म्हणावयाचे.

या सर्व परंपरेत पहिला पर बसवण्याचा मान टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थाकडे जातो. ब्लेकचा जन्म १९०२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल दूर झाला. हवाईचा प्रख्यात जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याची १९२० मध्ये डेट्रॉइट येथे गाठ पडली आणि त्या भेटीने या तरुणाला समुद्राकडे ओढून नेले. जुन्या भरीव फळ्या अतिशय जड असत. ब्लेकने आतून पोकळ अशी हलकी फळी तयार केली आणि १९३२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. फळी हलकी झाली खरी, परंतु हलक्या वस्तूची खोडही तिला जडली; लाटेच्या उतारावर ती आडवी घसरू लागली. १९३५ मध्ये वैकीकी येथे ब्लेकने एका टाकून दिलेल्या वेगवान मोटारबोटीचा तळकणा काढून आपल्या फळीच्या बुडाशी जडवला. तो सुमारे फूटभर लांब आणि चार इंच खोल होता. त्याबरोबर फळीचे घसरणे थांबले आणि ती सांगितल्या वाटेने धावू लागली.

एवढा सोपा उपाय सर्वांनी लगेच उचलला असेल असे वाटणे साहजिक आहे. पण तसे झाले नाही. होनोलुलू येथील जॉन केली, फ्रान हीथ, वॉली फ्रॉइसेथ प्रभृती तरुणांनी १९३७ मध्ये याच दुखण्यावर निराळेच औषध काढले. त्यांनी फळीचे रुंद शेपूट तासून अरुंद केले आणि त्याच्या तळाला नावेच्या बुडासारखी धार दिली, जेणेकरून शेपूट पाण्यात खोल रुतून धरून राहावे. या फळ्यांना ‘हॉट कर्ल’ असे नाव पडले आणि उंच लाटांवर त्या उत्तम चालल्या. एकाच दोषावर एकाने नवा अवयव जोडला आणि दुसऱ्यांनी असलेला अवयव बदलला. फळीचा आकार आणि पराचा आकार ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत, ही गोष्ट त्या वेळीच सिद्ध झाली. आणि पर निवडताना फळीचे शेपूट प्रथम पाहावयाचे, या आजच्या रीतीचे मूळही तेथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आणि राळ यांचा उपयोग फळ्या बांधण्यासाठी होऊ लागला आणि पर जडवणे सुलभ झाले. कॅलिफोर्नियातील बॉब सिमन्स याने जहाजबांधणीचे शास्त्र या कामी लावले. पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत जाणाऱ्या नौकांसंबंधी लिंडसे लॉर्ड यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ त्याने अभ्यासला होता. रुंद शेपटाच्या फळीला दोन्ही कडांशी एकेक असे दोन पर लावण्याचा प्रयोग त्याने केला. १९५४ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातीलच विंडअँडसी येथील लाटांत त्याचा अंत झाला.

हा पर पाण्यात नेमके काय करतो? नावेचे सुकाणू हलते, नावाडी ते फिरवतो आणि नाव वळते. फळीचा पर हलत नाही. तो घट्ट बसवलेला असतो. सबब त्याला सुकाणू म्हणणे बरोबर नव्हे. फळीला वळवतो तो स्वार, आपल्या देहाचा भार एका बाजूस टाकून. पर केवळ एवढेच पाहतो की, शेपूट बाजूस सरकू नये. पाणी समोरून आले तर पराची पातळ धार त्याला सहज वाट देते. परंतु फळी किंचित तिरकी झाली की तेच पाणी पराच्या अंगावर कोनातून आदळते आणि विमानाच्या पंखावर जसा वर उचलणारा जोर निर्माण होतो तसा येथे आडवा जोर निर्माण होतो. फळीचा पर म्हणजे पाण्यात उभा टांगलेला पंखच होय.

हा जोर तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पराचे क्षेत्रफळ, पाण्याचा वेग आणि पाणी ज्या कोनातून येते तो कोन. क्षेत्रफळ दुप्पट केले तर जोर सुमारे दुप्पट होतो. परंतु वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. कोन वाढवीत गेल्यास जोर काही मर्यादेपर्यंत वाढतो, आणि ती मर्यादा ओलांडताच पाण्याचा प्रवाह पराच्या एका अंगापासून सुटतो आणि पकड एकाएकी नाहीशी होते. शेपूट निसटते ते बहुधा असे, हळूहळू न सुटता क्षणार्धात. या जोराची किंमतही द्यावी लागते. पराचे अंग जितके मोठे तितके पाण्याशी घर्षण अधिक आणि तितका वेग कमी. बाणाच्या पिसांचा व्यवहार तो हाच.

आता पराचे माप म्हणजे काय, ते प्रथम स्पष्ट केले पाहिजे. कारण पुष्कळ घोटाळा येथेच होतो. दुकानात ‘साडेनऊ इंचांचा पर’ असे म्हणतात तेव्हा ती त्याची खोली असते. फळीच्या तळापासून पराच्या खालच्या टोकापर्यंतचे सरळ अंतर. ब्लेकचा पहिला पर फूटभर लांब असला तरी या हिशेबाने तो चार इंचांचाच ठरेल. खोलीखेरीज पराला बूड असते, म्हणजे फळीशी भिडणारी बाजू. मागे झुकण्याचा कल असतो. आणि टोकाची रुंदी असते. एकाच खोलीचे दोन पर घेतले, एक रुंद टोकाचा आणि दुसरा निमुळता, तर त्यांच्या क्षेत्रफळांत बराच फरक पडेल आणि पाण्यात ते दोन निरनिराळ्या स्वभावांची माणसे असावीत तसे वागतील. म्हणून केवळ इंचांवर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत होते.

तरीही आरंभासाठी इंचांचा एक सुटसुटीत नियम आहे आणि तो बव्हंशी खरा ठरतो. फळी जितके फूट लांब, तितके इंच पर खोल. नऊ फुटांच्या फळीला नऊ इंचांचा, साडेनऊ फुटांच्या फळीला साडेनऊ इंचांचा आणि दहा फुटांच्या फळीला दहा इंचांचा. फुटाचे बारा इंच होतात; तेव्हा हा नियम दुसऱ्या शब्दांत सांगावयाचा तर पर हा फळीच्या बाराव्या हिश्शाएवढा असावा. मेट्रिक मापांत साडेनऊ फूट म्हणजे सुमारे २९० सेंटिमीटर. त्याला बाराने भागले की सुमारे २४ सेंटिमीटर येतात. हा नियम एकच पर असलेल्या लांब फळीसाठी आहे, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

या नियमामागे तर्क आहे. फळी लांब झाली की तिचे वजन आणि वळण्यास होणारा विरोध ही दोन्ही वाढतात. लाटेने तिला एकदा बाजूस ढकलले की तिला पुन्हा मार्गावर आणण्यास अधिक जोर लागतो. हा जोर शेपटाकडील परानेच पुरवावयाचा असतो. लहान पर लांब फळीला लावणे म्हणजे मोठ्या मचव्याला होडीचे वल्हे देणे. उलट मोठा पर तोकड्या फळीला लावला तर ती रुळावरून धावणाऱ्या गाडीसारखी सरळच जाते. स्वाराने भार टाकला तरी वळण्याचे नाव घेत नाही.

परंतु नियम हा आरंभ होय, शेवट नव्हे. त्यात पहिली दुरुस्ती स्वाराच्या वजनाची. समजा, साडेनऊ फुटांच्या एकाच फळीवर दोघे जण पाळीपाळीने उभे राहतात. एकाचे वजन ५५ किलो आणि दुसऱ्याचे ९० किलो. वळताना भारी माणूस फळीवर अधिक जोर टाकील आणि तो पेलण्यास पर्याप्त पर हवा. त्याला साडेनऊचा, प्रसंगी दहाचाही पर मानवेल. हलक्या माणसाला तोच पर ताठर वाटेल. त्याने नवाचा घ्यावा. वजनापायी अर्ध्या इंचाचा फरक करणे ही सर्वसाधारण रीत आहे. त्याहून मोठी उडी एकदम मारू नये.

दुसरी दुरुस्ती स्वाराच्या इच्छेची. लाँगबोर्डवरील कौशल्याचा एक परमोच्च बिंदू म्हणजे फळीवरून पावले टाकीत पुढे जाऊन तिच्या अगदी नाकावर उभे राहणे. दोन्ही पायांची दहाही बोटे टोकापुढे आली की त्याला ‘हँग टेन’ म्हणतात. एवढा भार पुढे गेल्यावर फळी पालथी का होत नाही? कारण तिचे शेपूट लाटेच्या पाण्यात दडपलेले असते. त्यावरून वाहणारे पाणी ते खाली धरून ठेवते. ते तेथून सुटू नये, बाजूस सरकू नये, याची राखण पर करतो. म्हणून नाकावर उभे राहण्याची हौस असणारे स्वार खोल, उभट आणि रुंद टोकाचा पर पसंत करतात. साडेनऊ-दहा इंचांचा, मागे फारसा न झुकलेला. असा पर पकडीला उत्तम, आणि मागे पाऊल टाकून शेपटावर भार दिला तर जागच्या जागी फळी फिरवण्यासही सोयीचा. मात्र त्याचे ओझे वेगाला जाणवते.

ज्याला लाटेच्या अंगावरून लांब, गोलाकार वळणे घेत जावयाचे आहे, त्याला मागे झुकलेला पर हवा. असा पर वळण लांबवतो आणि त्यातून बाहेर पडताना गती टिकवतो. यापुढचा प्रकार म्हणजे रुंद बुडाचा परंतु निमुळत्या, लवचीक टोकाचा पर. त्याचे टोक वळणात वाकते आणि वळण संपताना पुन्हा सरळ होत फळीला किंचित पुढे लोटते. या प्रकाराशी कॅलिफोर्नियातील जॉर्ज ग्रीनो याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ग्रीनोने वेगवान माशांच्या परांची घडण न्याहाळली. निसर्गाने त्यांना जाड, रुंद पाते दिलेले नाही, तर निमुळते व लवचीक दिले आहे, हे ध्यानात घेऊन त्याने १९६०नंतरच्या दशकात आपले पर बनवले.

या पराची कसोटी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे, जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांत लागली. एका बाजूस डेव्हिड नुहिवा हा अमेरिकन तरुण होता. फळीच्या नाकावर उभे राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि विजयाची माळ त्याच्याच गळ्यात पडणार अशी पुष्कळांची अटकळ होती. दुसऱ्या बाजूस नॅट यंग हा अठरा वर्षांचा ऑस्ट्रेलियन. त्याची फळी नऊ फूट चार इंचांची, त्या काळच्या मानाने पातळ. आणि तिला ग्रीनोच्या धर्तीचा पर. नाकावर स्थिर उभे राहण्याऐवजी त्याने लाटेच्या अंगावर जोरकस वळणे घेतली आणि तो जिंकला. पुढील वर्षा-दोन वर्षांत फळ्या झपाट्याने आखूड होत गेल्या आणि लाँगबोर्ड काही काळ अडगळीत पडला. त्याला पुन्हा मानाचे स्थान मिळण्यास बरीच वर्षे जावी लागली. एका खेळाच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या कारणांत वीतभर पराचाही वाटा असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तिसरी दुरुस्ती परांच्या संख्येची. आखूड फळ्यांवर तीन समान परांची मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने प्रतिष्ठित केली. १९८१ मध्ये तशा फळीवर त्याने बेल्स बीच येथील आणि हवाईमधील पाइपलाइन येथील मानाच्या स्पर्धा जिंकल्या. या मांडणीचा परिणाम लाँगबोर्डवरही झाला. आज अनेक लांब फळ्यांना मध्यभागी एक मोठा पर आणि दोन्ही कडांशी दोन छोटे पर असतात. तेथे बाराव्या हिश्शाचा नियम लागू करणे ही हमखास होणारी चूक होय. पकडीचे काम तिघांनी वाटून घेतले असता मधल्याने एकट्याचा भार उचलण्याचे कारण नाही. अशा फळीला मधला पर साधारणपणे साडेसहा ते आठ इंचांचा पुरतो. एकट्या पराचा जो हिशेब येईल त्यातून दीड-दोन इंच वजा करावे, हा त्यातला व्यवहारी तोडगा आहे. कडेचे पर काढून ठेवले तर मात्र मध्ये पुन्हा पूर्ण मापाचा पर लावला पाहिजे.

चौथी गोष्ट लाटेची. लहान, मंद लाटेवर वेग कमी असल्यामुळे पराचा जोरही कमी असतो. आणि तेथे मुख्यतः सरळ व संथ जावयाचे असल्याने मोठा पर खपून जातो. लाट वेगवान आणि उभी असेल तर हिशेब गुंतागुंतीचा होतो. वेगाबरोबर पराचा जोर चौपटीच्या नियमाने वाढतो, परंतु उतारावरून घसरण्याची ओढही वाढते. अशा वेळी अतिरुंद पर फळीला नको इतकी ताठर करतो. खोली राखावी पण अंग निमुळते करावे, असा मध्यम मार्ग अनुभवी स्वार पत्करतात.

यानंतर प्रश्न उरतो तो पर कोठे बसवावा याचा. जुन्या फळ्यांना पर कायमचा चिकटवलेला असे; तो बदलावयाचा म्हणजे तोडावयाचा. पुढे फळीच्या तळात लांबट खाच ठेवून तीत पर अडकवण्याची सोय निघाली. आजच्या नेहमीच्या लाँगबोर्डला सुमारे दहा-साडेदहा इंच लांबीची अशी खाच असते. पराच्या बुडाच्या मागील बाजूस आडवी पितळी खीळ आणि पुढील बाजूस एक स्क्रू व त्याखाली चौकोनी चकती, एवढ्यावर तो घट्ट बसतो. खाच पराच्या बुडाहून लांब असल्यामुळे तो दोन-तीन इंच पुढे-मागे सरकवता येतो. ही सोय किती मोलाची आहे हे अनेकांना ठाऊकच नसते. पर मागे सरकवला की त्याची तरफ लांबते आणि फळी सरळ, स्थिर चालते. पुढे सरकवला की तरफ आखूड होते आणि फळी चपळपणे वळते. अर्थात नवा पर विकत घेण्यापूर्वी असलेला पर अर्धा इंच सरकवून पाहणे, हा बिनखर्चाचा उपाय प्रथम करावा. आरंभी पर खाचेच्या मध्यावर ठेवणे इष्ट.

परीक्षेचीही एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पर बदलला, जागा बदलली आणि लाटाही निराळ्या मिळाल्या, तर फरक कशामुळे पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तीच फळी, तोच किनारा, शक्य तो सारख्याच लाटा आणि फक्त अर्ध्या इंचाचा बदल, असे करावे आणि जे जाणवले ते टिपून ठेवावे. वळताना शेपूट सुटत असेल तर पर मागे न्यावा. तेवढ्याने भागले नाही तर मोठा घ्यावा. फळी वळण्यास हट्ट करीत असेल तर पर पुढे घ्यावा. मग लहान करावा. फळी वळते, पकडही आहे, परंतु अंगात वेग येत नाही, असे असेल तर खोली तीच ठेवून अंगाने निमुळता पर शोधावा. नवशिक्याने मात्र ताठर परालाच शत्रू समजू नये. त्याला सुरुवातीस वळण्यापेक्षा न पडणे अधिक अगत्याचे असते. आणि नियमाने सांगितलेला पूर्ण मापाचा पर त्याला त्यासाठीच उपकारक ठरतो.

पराची एक बाजू अशीही आहे की जिच्याविषयी दुकानदार क्वचितच बोलतो. कठीण पदार्थाचे धारदार पाते नऊ फुटांच्या मोकाट फळीला जडलेले आहे आणि तिच्या आसपास माणसे पोहत आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे धोका वेगळा सांगावा लागत नाही. पराची मागची धार अतिशय तीक्ष्ण असेल तर ती बारीक पॉलिश कागदाने किंचित बोथट करावी. सर्वसाधारण स्वाराला त्याने काही कमी पडत नाही. पडताना फळीपासून दूर पडावे आणि वर येताना डोक्यावर हात धरूनच यावे. आणखी एक पथ्य असे की, उथळ पाण्यात वाळूपर्यंत फळीवर उभे राहून येऊ नये. दहा इंचांच्या पराला दहा इंचांहून अधिक पाणी लागते, हे सांगावयास गणिताची गरज नाही. परंतु ते विसरल्यामुळे पर मोडतो, कधी खाचेसकट उखडतो, आणि स्वार पुढे फेकला जातो. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खोल पर नकोच.

भारतात हा खेळ अद्याप तरुण आहे. कर्नाटकातील मुल्की येथे आणि चेन्नईनजीकच्या कोवलम येथे तो या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत रुजला, आणि २०११ मध्ये त्याचा राष्ट्रीय संघही स्थापन झाला. कोळ्यांची मुले, ज्यांना लाट कोठे उठेल आणि कोठे फुटेल हे कोणी शिकवावे लागत नाही, ती या फळ्यांवर उभी राहू लागली आहेत. त्यांच्या वाट्याला बहुधा दुसऱ्याने वापरलेली फळी येते आणि तिला जो पर असेल तो. अशा मुलाला फळी वळत नाही म्हणून आपल्याच अंगी कौशल्य नाही असे वाटू लागते. वस्तुतः दोष पराचा असू शकतो, आणि तो एक स्क्रू सैल करून, पर अर्धा इंच पुढे घेऊन दूर होण्यासारखा असतो. एवढे ज्ञान त्याच्यापर्यंत पोचणे हे नव्या महागड्या फळीपेक्षा कमी मोलाचे नाही.

एकंदरीत बाराव्या हिश्शाचा नियम हा अनेकांच्या अनुभवाचे सार आहे, आणि ज्याच्यापाशी स्वतःचा अनुभव नाही त्याने त्याच्यापासूनच आरंभ करावा. परंतु नियम करणाऱ्याला स्वाराचे वजन ठाऊक नव्हते, त्याच्या किनाऱ्यावरची लाट त्याने पाहिली नव्हती, आणि नाकावर उभे राहावयाचे की वळणे घ्यावयाची हेही त्याला विचारता आले नव्हते. नियम जेथे थांबतो तेथून पुढे तारतम्याने चालावे लागते. पकड थोडी अधिक असावी की मोकळीक थोडी अधिक असावी, हा प्रश्न कोष्टक पाहून सुटत नाही. तो पाण्यात उतरूनच सोडवावा लागतो. फार पकड ठेवली तर फळी वळत नाही आणि फार मोकळीक दिली तर ती हातची जाते. या दोहोंमधली जी जागा ज्याची त्याला सापडते, ती पुष्कळदा अर्ध्या इंचाएवढीच असते; पण ती सापडली म्हणजे फळीखाली पर आहे याची आठवणही स्वाराला राहत नाही, आणि पर योग्य निवडला गेल्याची तीच खरी खूण होय.